वीस मिनिटं बुडवलं, झालं?

"पाणी लागलं असेल." पित्ताशय काढून पाच आठवडे झालेला माणूस बेंबीजवळची गाठ दाखवतो आणि तू त्याला हे ऐकवतोस. निघोज्याच्या कंपनीत मशीनवर उभा राहणारा माणूस. अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आलाय. शर्ट वर धरून उभा आहे. पोटावर चार बारीक खुणा. दोन सुकून फिकट झाल्यात, दोन जांभळट. दाबलं की पातळ, पाणचट पू. ताप नाही, भूक चांगली लागते, पण गाठ फुटते, सुकते आणि आठ दिवसांनी पुन्हा भरते. आणि तू त्याला विचारतोस, अंघोळ कितव्या दिवशी केलीस?

चोर सोडून संन्याशाला फाशी!

नीट भरून आलेली जखम महिन्याभराने आतून फुटते, ती अंघोळीच्या तांब्याने फुटते का रे? जे आत गेलं ते टाके घालायच्या आधीच गेलं. तुझ्या हातांनी गेलं. तुझ्या ट्रोकारमधून, तुझ्या ग्रास्परच्या नळीतून गेलं. आणि हे तुला कळत नाही असं मी एक क्षणभरही मानायला तयार नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर उशिरा येणारा जंतुसंसर्ग कशाने होतो, असं तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर तू झोपेतही सांगितलं असतंस: अ‍ॅटिपिकल मायकोबॅक्टेरिया. क्षयाच्या जंतूच्याच कुळातले, पण माती-पाण्यात राहणारे. फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात सुखाने नांदणारे, क्लोरीनला सहसा न जुमानणारे, तीन-चार आठवडे गप्प राहून मग डोकं वर काढणारे. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारे. हे सगळं तुला पाठ आहे. मग दवाखान्याच्या खुर्चीत बसलं की ते जातं कुठे?

तुझ्या ओटीतला एखादा गर्दीचा दिवस डोळ्यांसमोर आण. पाच केसेस, दोन सेट. पहिल्या दोन केसेसना हत्यारं नीट निर्जंतुक केलेली. तिसरीपासून काय? सिस्टर घाईघाईने नळाखाली हत्यारं धुते, सायडेक्सच्या ट्रेमध्ये बुडवते, घड्याळ लावते. भूलतज्ज्ञ आत पेशंट घेऊन बसलेत. तू दारातून ओरडतोस, "झालं का? किती वेळ?" घड्याळात 20 मिनिटं व्हायची असतात, 12 झालेली असतात. हत्यारं बाहेर येतात, सकाळी उकळून ठेवलेल्या पाण्याच्या गंगाळात खळखळ होतात, आणि पुढच्या माणसाच्या पोटात जातात.

हे निर्जंतुक झालं? छातीवर हात ठेवून सांग.

2 टक्के ग्लुटरल्डिहाइडमध्ये, म्हणजे तुझ्या त्या सायडेक्समध्ये, 20 मिनिटं बुडवलं की बहुतेक जंतू मरतात. बहुतेक. बीजाणू मरत नाहीत. निर्जंतुक करायचं तर त्याच द्रावणात 8 ते 10 तास लागतात. दोन्हींतला फरक तुला स्पॉल्डिंगच्या वर्गीकरणात शिकवला होता. जे हत्यार शरीराच्या निर्जंतुक भागात शिरतं ते पूर्ण निर्जंतुकच हवं, त्याला 'बऱ्यापैकी स्वच्छ' चालत नाही. पोटाची पोकळी निर्जंतुक भाग आहे की नाही? मग पाच टाक्यांचं पोट उघडताना तू ऑटोक्लेव्हचा ड्रम मागतोस आणि अर्ध्या इंचाच्या भोकातून जाताना ट्रेमधलं ओलं हत्यार का चालवून घेतोस? भोक लहान झालं म्हणून आतलं पोट वेगळं झालं का?

त्यातही ते द्रावण. कधी बनवलं? डब्यावर तारीख आहे का? कोणाची सही? बाटलीवर लिहिलंय 14 दिवस, आणि तुमच्या ट्रेमध्ये ते महिना झाला तरी तसंच. ओली हत्यारं टाकून टाकून ते दिवसागणिक पातळ होतं. तपासायच्या पट्ट्या मिळतात, एका पट्टीने मिनिटात कळतं की द्रावणात दम आहे की नाही. तुझ्या ओटीत त्या पट्ट्या आहेत का? नाहीत. विचारलंस कधी? नाही. कारण विचारलं की उत्तर येईल, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागेल. डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं ते याचसाठी ना?

आता एक काम कर. आत्ता, हे वाचता वाचता. ओटीत जा, काल वापरून, धुऊन, पुसून ठेवलेला मेरीलँड चिमटा हातात घे. मूठ सोडव. आतला दांडा बाहेर ओढ. बाहेरच्या नळीत बारीक ब्रश घाल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच फिरव. पांढऱ्या गॉजवर ब्रश पूस. जे तपकिरी निघेल ते काय आहे? वाळलेलं रक्त आहे, चरबी आहे, परवाच्या पेशंटची आहे. त्या थराच्या खाली बसलेल्या जंतूपर्यंत तुझं द्रावण पोचणारच नाही, 20 मिनिटं ठेव नाहीतर 20 तास. शिवाय नळी आडवी बुडवली की आत हवेचा बुडबुडा अडकतो, तेवढ्या भागाला द्रावण शिवतही नाही. म्हणून सुटं करून धुवायचं. म्हणून सिरिंजने नळीत पाणी मारायचं. म्हणून एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं, आणि तेही रक्त वाळायच्या आत. आधी साफ, मग निर्जंतुक. घाण निर्जंतुक करता येत नाही. हे तू तुझ्या सिस्टरला कधी स्वतः हातात हत्यार घेऊन दाखवलंस? की "नीट धुवा हं" एवढं बोलून हात झटकलेस?

सिस्टरवर ढकलू नकोस. मला तुझं ते वाक्य ठाऊक आहे: "मॅडम, स्टाफ ट्रेन नाही, टिकत नाही." टिकत नाही, कारण तू जेमतेम पगार देतोस आणि बारा तास राबवतोस. ट्रेन नाही, कारण ट्रेन करणं तुझं काम होतं. ती बारावी पास मुलगी खेडच्या पलीकडून एसटीने येते, तिला कोणी सांगितलंच नाही की मेरीलँड तीन तुकड्यांत सुटतो. तुला मात्र सांगितलं होतं.

आता शेवटच्या धुण्याचं पाणी. इथे तर तुझी कमालच आहे. हत्यार एवढं रसायनात बुडवायचं आणि मग त्यावर नळाचं पाणी ओतायचं! पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी यायला लागलं. घरोघरी, दवाखान्या-दवाखान्यात टाक्या वाढल्या. पवनेचं पाणी महापालिका शुद्ध करून पाठवते, पण तुझ्या गच्चीवरच्या टाकीत ते दोन दिवस उन्हात तापतं. ती टाकी शेवटची कधी घासली? चाकणला तर बोअर आणि टँकर. उकळलं म्हणतोस. किती वेळ उकळलं? कोणत्या भांड्यात ओतलं? किती तास उघडं राहिलं? त्यात किती हात गेले? बंगळुरूच्या एका रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया झालेल्या 35 जणांच्या जखमा अशाच उशिरा बिघडल्या, चेलोनी सापडला, आणि शोधत शोधत गेले तेव्हा मूळ निघालं हत्यारं विसळायच्या पाण्यात. 2006 साली हे छापून आलं. त्यालाही किती वर्षं झाली. तू तेव्हा कदाचित शाळेत असशील, पण नंतर शिकलास ना? की ये रे माझ्या मागल्या?

"मॅडम, इतक्या केसेस केल्या, कोणाला काही झालं नाही." हे तुझं सगळ्यात लाडकं वाक्य. कशावरून झालं नाही? टाके काढल्यानंतर किती जणांना तू पुन्हा पाहिलंस? तिसाव्या दिवशी फोन केलास का? जखमेतला जंतुसंसर्ग मोजायचा तर निदान 30 दिवस मागावर राहावं लागतं, हर्नियाची जाळी घातली असेल तर 90 दिवस, हे तुला माहीत आहे. तुझं रजिस्टर टाके काढले की बंद होतं. ज्याची गाठ सहाव्या आठवड्यात फुटली तो तुझ्याकडे कशाला येईल? तो भोसरीत दुसऱ्याकडे जातो. नाहीतर गावी जातो. बीड-लातूरकडून आलेला कंत्राटी पोरगा, खोलीचं भाडं थकलेलं, आठ दिवस खाडा झाला तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. तो गावच्या डॉक्टरकडून मलमपट्टी करून घेतो. तुझ्या हिशेबात तो 'बरा झाला'. तू शोधलंच नाहीस, आणि म्हणतोस सापडलं नाही.

तो माणूस कुठे काम करतो, याचा तरी विचार केलास? तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे गाड्यांचे सुटे भाग बनवतात. तिथे एक बोल्ट कमी आवळला गेला तर कोणत्या शिफ्टला, कोणत्या मशीनवर, कोणत्या लॉटमध्ये, हे तासाभरात काढतात, आणि त्या लॉटचा माल गेटमधून बाहेर पडू देत नाहीत. त्या माणसाच्या पोटात तुझं जे हत्यार गेलं, ते त्या दिवशी कोणत्या सायकलमध्ये निर्जंतुक झालं, हे तू त्याला सांगू शकशील? त्याने विचारलं तर? तो तुझ्यापुढे हात जोडून उभा असतो म्हणून विचारत नाही. त्याच्या गप्प बसण्याचा फायदा घेतोस, हे तुला शोभतं का?

"सगळेच असं करतात." हो, करतात. ब्राझीलमध्येही सगळे तेच करत होते. दुर्बिणीची हत्यारं ग्लुटरल्डिहाइडमध्ये बुडवायची आणि पुढची केस घ्यायची. मग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरत गेली, हजाराहून जास्त लोकांच्या जखमा बिघडल्या, आणि त्यातला जंतू 2 टक्के ग्लुटरल्डिहाइड पचवून जगणारा निघाला. 2009 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने ही हत्यारं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदीच घातली. सगळे करत होते म्हणून जंतूने कोणाला सूट दिली नाही.

आणि ती डिकीतली बॅग. सकाळी मोशी, दुपारी चाकण, संध्याकाळी तळेगाव. एकच सेट तिन्ही ठिकाणी. मोशीत धुतलेली हत्यारं ओलसर टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत, बॅग डिकीत, गाडी पुणे-नाशिक महामार्गाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उन्हात. चाकणला पोचलास की "सिस्टर, जरा सायडेक्समध्ये टाका." त्या दवाखान्याच्या मालकाला वाटतं, सर्जन स्वतःची हत्यारं आणतो म्हणजे चांगलीच असणार. तुला वाटतं, दवाखान्यात निर्जंतुक होतील. मधल्या मध्ये मरतो पेशंट. जबाबदारी दोघांची म्हणजे कोणाचीच नाही, अशी ही सोय तुम्ही दोघांनी मिळून करून ठेवली आहे.

सेट महाग आहे म्हणतोस. आहेच. मग दोन सेटवर दोन केसेस कर. तिसरी उद्या कर. ऑटोक्लेव्हमध्ये जाणारी हत्यारं घे, आज बहुतेक हत्यारं आणि बरेच टेलिस्कोपसुद्धा 134 अंशांवर जातात, निर्मात्याचं पत्रक वाच. जे जात नाहीत त्यांना ईटीओ गॅस आहे. त्याला वेळ लागतो, गॅस निघून जायलाच कित्येक तास जातात, म्हणून आदल्या दिवशी पाठव. प्लाझ्मा मशीन एकट्याला परवडत नसेल तर आसपासचे चार दवाखाने मिळून घ्या. मोबाइल बदलायला पैसे सापडतात, रिसेप्शनला नवीन काचा लागतात, त्यावर 'लेसर व दुर्बीण शस्त्रक्रिया केंद्र' अशी अक्षरं चढतात. आत मात्र फॉर्मॅलिनच्या गोळ्यांचा डबा! त्या गोळ्यांच्या वाफेवर भरवसा ठेवू नये, हे तुला कितव्यांदा सांगायचं? आणि ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणून खूश होऊ नकोस. टेप एवढंच सांगते की गठ्ठ्याला बाहेरून उष्णता लागली. आत काय झालं ते बीजाणूंच्या चाचणीने कळतं. तुझ्याकडे ती शेवटची कधी झाली? तारीख सांग.

डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या देशातलं पहिलं दुर्बिणीने पित्ताशय काढलं. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या वॉर्डात. या शस्त्रक्रियेचा सगळ्यात मोठा फायदा हातावर पोट असणाऱ्याला आहे, कारण तो आठवड्यात कामावर परत जातो. तोच फायदा तू सहा महिन्यांच्या ड्रेसिंगमध्ये घालवतोस. चार भोकांऐवजी एक मोठा छेद दिला असता तर त्याचं इतकं नुकसान झालं नसतं. एवढं वाईट वाटतं मला हे लिहिताना, पण लिहिते.

आता औषधांचं. शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस सलाइनमधून दोन-दोन अँटिबायोटिक्स, मग सात दिवस गोळ्या. कशासाठी? "कव्हर म्हणून." कसलं कव्हर? तुझ्या ट्रेमधल्या द्रावणाचं? अँटिबायोटिकचा एक डोस, छेद द्यायच्या आधी तासाभरात, एवढंच पुरतं. धोका कमी असलेल्या नियोजित पित्ताशयाच्या केसला तोही लागत नाही असं म्हणणारे जाणकार आहेत. शस्त्रक्रिया संपल्यावर तो चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 सालीच लिहून ठेवलं आहे. आणि तू नेमकं उलट करतोस: आधीचा डोस वॉर्डात राहून जातो, नंतरचे बारा दिवस चुकत नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मायकोबॅक्टेरियाला तुझं सेफट्रिॲक्सोन शिवतही नाही. आणि तू प्रॅक्टिस कुठे करतोस रे? पिंपरीत! 1954 साली या देशाचा पहिला सरकारी अँटिबायोटिक कारखाना जिथे उभा राहिला, त्या गावात. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिनवर दोन पिढ्यांनी इथे घरं बांधली. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 साली नोबेल घेतानाच बजावलं होतं, की औषध चुकीचं वापराल तर जंतू शहाणे होतील. त्या कारखान्याच्या भिंतीला लागून दवाखाना थाटायचा आणि औषधाची अशी नासाडी करायची?

बरं, झालं ते झालं. गाठ आली आहे. पुढे काय केलंस? पहिल्या आठवड्यात ऑग्मेंटिन. दुसऱ्यात लिनेझोलिड. तिसऱ्यात ड्रेसिंगवाल्या मामांकडे सोपवलं. चौथ्यात कोणाचं तरी ऐकून क्षयाची औषधं सुरू! पू कुठे पाठवला? नाही पाठवला. बेंबीवर कापसाची काडी फिरवून पाठवली, रिपोर्ट आला 'वाढ नाही', आणि तू निर्धास्त झालास. अरे, वाढ नाही कारण लॅबने दोन दिवसांत प्लेट फेकली. पेशंटचं दुखणं जुनाट, गाठ थंड, नेहमीच्या औषधाला दाद नाही, नेहमीचं कल्चर कोरं: एवढी खूण पुरेशी नव्हती का? पू येण्याचा मार्ग कापून आतली ऊती काढ, नाहीतर सुईने पू ओढ. लॅबला फोन करून स्वतःच्या तोंडाने सांग, मला मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर हवंय, घाई करू नका. क्षयासाठी सीबीनॅट चाचणी कर. ते निगेटिव्ह आलं तर क्षयाची शक्यता कमी होते, या पाण्यातल्या जंतूंबद्दल ते काहीच सांगत नाही. क्षय असेल तर सरकारी कार्यक्रमात नोंद करून औषधं दे. नसेल तर आयसोनियाझिड-रिफाम्पिसिन देऊन यकृताला त्रास कशाला? चेलोनी त्यांना भीक घालत नाही.

जंतूचं नाव आणि कोणत्या औषधाला तो मरतो हे हातात आल्याशिवाय महिन्यांचा कोर्स ठरवू नकोस. क्लॅरिथ्रोमायसिन बहुधा लागतं, पण एकटं नको, जोडीला दुसरं औषध हवं. अ‍ॅब्सेसस तर क्लॅरिथ्रोमायसिनला औषध चालू असताना हळूहळू निर्ढावतो. अमिकासिन देणार असशील तर मूत्रपिंडं आणि कान तपासत राहा, मशीनच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाचे कान आधीच अधू असतात. औषध चार-सहा महिने चालतं. सगळे मार्ग कापून काढल्याशिवाय काही जखमा भरत नाहीत, तेव्हा काप. जमत नसेल तर वायसीएम रुग्णालयात पाठव, मेडिकल कॉलेजला पाठव. पाठवण्यात कमीपणा नाही. चार महिने आठवड्याला ड्रेसिंगचे पैसे घेत बसण्यात आहे.

आणि सगळ्याच जखमा या जातीच्या नसतात, हेही विसरू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी लाल, गरम, ठणकणारी जखम असेल तर ती साधी आहे. एक-दोन टाके उघड, पू वाहू दे, नमुना पाठव, धुऊन घे. आजूबाजूला लाली पसरत नसेल, ताप नसेल तर गोळीही लागणार नाही. तू मात्र टाका उघडायला घाबरतोस, कारण पेशंट म्हणेल जखम बिघडली. टाका झाकून गोळी देतोस. आत पू साचत जातो. पण ताप चढतोय, पोट दुखतंय, डोळे पिवळे दिसतायत, अशा माणसाला जखमेची पट्टी बदलून घरी पाठवलंस तर मात्र माझ्यासमोर येऊ नकोस. त्याची सोनोग्राफी त्याच दिवशी.

पेशंटची तयारीही तुझंच काम. आदल्या रात्री साबणाने अंघोळ, बेंबी आतून स्वच्छ. खोल बेंबीत वर्षानुवर्षांची मळी असते, ती ओटीच्या टेबलावर पहिल्यांदा बघायची नसते. वस्तरा नको. केस आड येत असतील तर क्लिपरने काढ. वॉर्डबॉय अजून ब्लेड फिरवतो, त्या ओरखड्यांतून काय शिरतं ते तुला दिसत नाही. क्लोरहेक्सिडीनचं स्पिरिटमधलं द्रावण लाव आणि वाळू दे, पूर्ण वाळू दे, नाहीतर कॉटरीच्या ठिणगीने पेट घेईल. साखर 280 असताना नियोजित केस टेबलावर घेऊ नकोस. तंबाखू, मिश्री चार आठवडे आधी बंद. सूज आलेलं पित्ताशय पिशवीतून काढ, बेंबीच्या भोकातून उघडं ओढून काढू नकोस. पिशवी महाग वाटते? ग्लोव्हची करतात ती तरी कर.

घरी पाठवताना कागदावर चार ओळी लिही, वाचता येतील अशा. 48 तासांनंतर अंघोळ चालते. हळद, तेल, पावडर लावायची नाही. कूलंटने भिजलेला शर्ट जखमेवर घासू द्यायचा नाही. आणि रजेचं पत्र नीट भर. ज्याचा ईएसआय कापला जातो आणि हप्ते पुरेसे भरलेले आहेत, त्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. ही त्याच्या हक्काची आहे. त्याला कोणी सांगत नाही. ठेकेदार तर सांगणारच नाही. तू सांगितलंस तर तो चौथ्या दिवशी थर्ड शिफ्टला उभा राहणार नाही. तुला दोन मिनिटं लागतील.

आता ज्या कामाला तू सगळ्यात जास्त टाळतोयस ते. या माणसाची शस्त्रक्रिया ज्या दिवशी झाली, त्या दिवशीच्या यादीत आणखी कोण होतं? त्या आठवड्यात? तीच हत्यारं, तोच ट्रे, तेच गंगाळ. एकाची जखम फुटली असेल तर दुसऱ्याची फुटायच्या वाटेवर असू शकते. झाकली मूठ ठेवून चालणार नाही. ओटी बंद कर, ट्रे रिकामा कर, टाकी घास, पाण्याचा आणि द्रावणाचा नमुना लॅबला पाठव. रजिस्टर उघड आणि गेल्या तीन महिन्यांत दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला फोन लाव. रिसेप्शनच्या मुलीला नको लावायला सांगूस, स्वतः लाव. सरळ सांग: आमच्याकडच्या हत्यारांतून जंतुसंसर्ग झाल्याची शंका आहे, तुमच्या टाक्यांच्या जागी गाठ, पाणी, लाली आहे का, या, मी बघतो, पैसे लागणार नाहीत. बदनामी होईल म्हणतोस. होईल थोडी. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर जास्त होईल, आणि तेव्हा मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

हुशार आहेस तू. हात चांगला आहे तुझा. पित्ताशय सोडवताना तुझी बोटं कशी चालतात ते मी पाहिलंय, आणि म्हणूनच इतकं बोलते. ज्याचा हात वाईट आहे त्याच्यावर मी शब्द वाया घालवत नाही.

रजिस्टर काढलंस का? पहिलं नाव कोणाचं आहे? लाव फोन.